रुग्णालयीन पृष्ठभागांचे जंतुनाशन

रुग्णालयीन पृष्ठभागांचे जंतुनाशन म्हणजे रुग्णालयातील फरशी, खाटांचे कठडे, सलाईनचे स्टँड, दारांच्या मुठी, तपासणीची मेजे, स्वच्छतागृहे इत्यादींवरील रोगकारक सूक्ष्मजीवांची संख्या रसायनांच्या साहाय्याने निरुपद्रवी पातळीपर्यंत कमी करण्याची प्रक्रिया होय. सोडियम हायपोक्लोराइट, चतुर्थक अमोनियम संयुगे, अल्कोहोल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फिनॉलयुक्त द्रव ही या कामी वापरली जाणारी प्रमुख रसायने आहेत. त्यांची परिणामकारकता रसायनाच्या नावापेक्षा द्रावणाची तीव्रता, पृष्ठभाग ओला राहण्याचा काळ आणि जंतुनाशनापूर्वी केलेली स्वच्छता यांवर अधिक अवलंबून असते. ही रसायने सूक्ष्मजीवांइतकीच मानवी ऊतींनाही अपायकारक असल्यामुळे ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा या विषयाचा अविभाज्य भाग आहे.

संज्ञा

मराठीत ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द दोन भिन्न क्रियांसाठी सरसकट वापरला जातो. काटेकोर अर्थाने निर्जंतुकीकरण म्हणजे बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा संपूर्ण नाश. तो ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या बाबतीत साधता येतो. फरशी किंवा भिंत या अर्थाने निर्जंतुक करता येत नाही आणि तशी आवश्यकताही नसते. तिच्यावर जे केले जाते ते जंतुनाशन. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या वर्गीकरणानुसार शरीराच्या निर्जंतुक ऊतींत शिरणाऱ्या वस्तू अतिजोखमीच्या, श्लेष्मल त्वचेला स्पर्श करणाऱ्या मध्यम जोखमीच्या आणि केवळ अखंड त्वचेला लागणाऱ्या अल्प जोखमीच्या मानल्या जातात. खाट, मेज, फरशी तिसऱ्या वर्गात मोडतात. तथापि ‘अल्प जोखीम’ हे विशेषण फसवे आहे. कठड्यावरचे जिवाणू रुग्णाला थेट बाधत नसले, तरी तोच कठडा धरलेला हात पुढच्या क्षणी दुसऱ्या रुग्णाच्या जखमेवर असू शकतो.

इतिहास

व्हिएन्नातील इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास भाग पाडले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये कार्बोलिक आम्लाच्या, म्हणजेच फिनॉलच्या, शस्त्रक्रियेतील वापराविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काळे फिनाईल हे कार्बोलिकच्याच कुळातील असून रुग्णालयाचा म्हणून ओळखला जाणारा वास बराच काळ त्याचाच होता.

महाराष्ट्रात जंतुनाशकांचा पहिला व्यापक सार्वजनिक वापर 1896 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत झाला. मुंबईत कार्बोलिक आम्लाने घरे व गटारे धुण्यात आली. पुण्यात 1897 मध्ये वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे तपासली, सामान बाहेर काढले, घरे जंतुनाशकांनी धुऊन चुना लावला. लोकक्षोभ वाढत गेला आणि 22 जून 1897 रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. या घटनेची राजकीय बाजू सर्वज्ञात आहे. वैद्यकीय बाजूकडे क्वचितच लक्ष जाते. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिले. ज्या फरश्या धुण्यासाठी एवढा जुलूम झाला, त्या फरश्या साथीचा मुख्य मार्ग नव्हत्याच. रोग कसा पसरतो हे समजून न घेता केलेल्या जंतुनाशनाचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

पृष्ठभागांची भूमिका

सूक्ष्मजीव कोरड्या पृष्ठभागावर अपेक्षेपेक्षा बराच काळ तग धरतात. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एन्टेरोकॉकस आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू अनुकूल परिस्थितीत काही महिने जिवंत राहू शकतात. वाळलेल्या रक्तातील हिपॅटायटिस बी विषाणू किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. याउलट एचआयव्हीची संसर्गक्षमता वाळल्यानंतर काही तासांतच बहुतांशी नष्ट होते.

रसायनांपुढे टिकाव धरण्याची सूक्ष्मजीवांची क्षमताही सारखी नसते. मेदाचे आवरण असलेले विषाणू, उदाहरणार्थ कोरोना विषाणू, इन्फ्लुएन्झा व एचआयव्ही, सर्वांत सहज नष्ट होतात. त्यानंतर सामान्य जिवाणू, बुरशी, आवरणरहित विषाणू, क्षयरोगाचे जिवाणू आणि शेवटी बीजाणू, असा साधारण चढता क्रम लावला जातो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या अतिसार घडवणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा किंवा चतुर्थक अमोनियम संयुगांचा उपयोग होत नाही. 2009 मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी भारतातील अतिदक्षता विभागांतही आढळते. तिच्यावरही चतुर्थक अमोनियम संयुगांचा प्रभाव अपुरा पडतो आणि क्लोरीनयुक्त द्रव किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे लागते. एखाद्या बाटलीवर ‘99.9 टक्के जंतू नष्ट’ असे छापलेले असते, तेव्हा कोणते जंतू हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

प्रमुख रसायने

सोडियम हायपोक्लोराइट हे स्वस्त, जलद आणि बीजाणूंवरही प्रभावी असल्यामुळे भारतीय रुग्णालयांत सर्वाधिक वापरले जाते. पाण्यात त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते सूक्ष्मजीवांतील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण करते. बाजारात ते प्रायः 4 ते 12 टक्के तीव्रतेच्या कॅनमध्ये मिळते व वापरापूर्वी पातळ करावे लागते. 5 टक्क्यांच्या द्रवापासून 1 टक्क्याचे द्रावण करण्यासाठी एक भाग द्रवात चार भाग पाणी, तर 10 टक्क्यांच्या द्रवासाठी नऊ भाग पाणी मिसळतात. 30 टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर वापरायची झाल्यास लिटरमागे सुमारे 33 ग्रॅम लागते.

हे गणित सोपे असले तरी त्यातील गृहीतक नाजूक आहे. हायपोक्लोराइट उष्णता, प्रकाश व काळ या तिन्हींमुळे विघटित होते. पुण्याच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनमधील द्रवाची खरी तीव्रता लेबलवरील आकड्यापेक्षा बरीच कमी असू शकते. म्हणून साठा अपारदर्शक डब्यात, थंड जागी आणि मर्यादित प्रमाणात ठेवणे व पातळ केलेले द्रावण रोज नव्याने करणे आवश्यक ठरते. सकाळी तयार केलेल्या बादलीत दिवसभर तोच पोछा बुडवत राहिल्यास पोछ्यातील मळ उपलब्ध क्लोरीन संपवतो आणि दुपारनंतर उरते ते केवळ क्लोरीनचा वास असलेले गढूळ पाणी. हायपोक्लोराइट धातू गंजवते, हा त्याचा आणखी एक दोष.

चतुर्थक अमोनियम संयुगे, उदाहरणार्थ बेन्झाल्कोनियम क्लोराइड, धातू गंजवत नाहीत व मळही काढतात. मात्र कठीण पाणी, साबणाचे अवशेष आणि सुती कापड यांच्यामुळे त्यांचा प्रभाव घटतो. सुती पोछा तर त्यातील क्रियाशील घटक स्वतःच शोषून धरतो. सर्वांत विपरीत बाब म्हणजे दीर्घकाळ ठेवलेल्या पातळ द्रावणात स्यूडोमोनास, सेरेशिया, बर्खोल्डेरिया यांसारखे जिवाणू वाढल्याच्या आणि त्यामुळे संसर्ग पसरल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदल्या गेल्या आहेत.

अल्कोहोल 70 टक्क्यांच्या आसपास सर्वांत प्रभावी असते. शुद्ध अल्कोहोल अधिक चांगले असावे हा समज चुकीचा आहे, कारण प्रथिनांचे विघटन होण्यासाठी पाण्याची आवश्यकता असते. ते स्टेथोस्कोप, औषधाच्या कुपीचे रबरी झाकण अशा लहान पृष्ठभागांपुरते योग्य. फरशीवर ओतल्यास ते क्षणात उडून जाते आणि आगीचा धोका निर्माण करते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन पाणी व ऑक्सिजन यांत होत असल्यामुळे ते तुलनेने सौम्य मानले जाते, परंतु महाग पडते.

काळ्या व पांढऱ्या फिनाईलसाठी भारतीय मानक आयएस 1061 लागू आहे. त्यांची क्षमता ‘रिडील-वॉकर गुणांक’ या मापाने दर्शवतात. 1903 मध्ये मांडलेली ही कसोटी विषमज्वराच्या जिवाणूवर फिनॉलच्या तुलनेत द्रव किती प्रभावी आहे एवढेच सांगते. बीजाणू किंवा आवरणरहित विषाणूंबाबत त्यातून काहीही कळत नाही. नवजात शिशूंच्या कक्षात फिनॉलयुक्त द्रव वापरल्याने बालकांच्या रक्तातील बिलिरुबिन वाढून कावीळ झाल्याचे आढळल्यामुळे तेथे त्यांचा वापर टाळला जातो.

शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मॅलिन व पोटॅशियम परमँगनेट यांच्या धुराने भरून टाकण्याची पद्धत भारतात अनेक दशके प्रचलित होती व काही ठिकाणी अजूनही आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. पृष्ठभाग धुऊन पुसण्याचे काम धूर करू शकत नाही. त्यामुळे ही पद्धत आता शिफारस करण्याजोगी मानली जात नाही.

परिणामकारकतेचे पुरावे

प्रयोगशाळेतील कसोटीत यशस्वी ठरलेले रसायन रुग्णालयातील संसर्ग कमी करेलच असे नाही. अमेरिकेतील नऊ रुग्णालयांत झालेल्या आणि 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण गेल्यानंतरच्या खोलीच्या स्वच्छतेच्या चार पद्धती तपासण्यात आल्या. नेहमीच्या चतुर्थक अमोनियम द्रवाला अतिनील किरणांची जोड दिल्यावर त्याच खोलीत नंतर आलेल्या रुग्णांना लक्ष्य जिवाणूंची लागण होण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटले. केवळ ब्लीच वापरल्याने झालेली घट मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही.

याहून बोलका अभ्यास स्कॉटलंडमधील स्टेफनी डान्सर व सहकाऱ्यांचा आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोणतेही नवे रसायन आणले नव्हते. दोन कक्षांत आळीपाळीने एक जादा सफाई कर्मचारी नेमला गेला आणि त्याने वारंवार हात लागणाऱ्या जागा साध्या डिटर्जंटने पुसल्या. त्या जागांवरील सूक्ष्मजीवांचे प्रमाण 32.5 टक्क्यांनी आणि मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकसचे नवे संसर्ग 26.6 टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास लहान असल्याने त्यातील आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तथापि जंतुनाशकाच्या खरेदीवर तपशीलवार निविदा काढणाऱ्या आणि सफाईच्या मनुष्यबळात मात्र काटकसर करणाऱ्या व्यवस्थापनांसाठी तो विचार करायला लावणारा आहे.

पृष्ठभाग ओला राहण्याचा काळ, ज्याला संपर्ककाल म्हणतात, हा दुसरा निर्णायक घटक होय. उत्पादकाने दहा मिनिटांचा संपर्ककाल सांगितलेला असेल आणि पंख्याखालील मेज दोन मिनिटांत वाळत असेल, तर अपेक्षित परिणाम मिळत नाही. अशा वेळी पुन्हा पुसावे लागते किंवा कमी संपर्ककाल लागणारे रसायन निवडावे लागते. रक्त, पू, मल यांसारखे सेंद्रिय पदार्थ क्लोरीन निष्प्रभ करतात. म्हणून आधी मळ काढणे आणि नंतर जंतुनाशक लावणे हा क्रम पाळला जातो. सांडलेल्या रक्तावर मात्र प्रथम शोषक कापड किंवा कागद टाकून त्यावर तीव्र द्रावण ओततात, काही वेळाने ते उचलतात आणि मग जागा पुन्हा स्वच्छ करतात.

भोसरी व पिंपरी-चिंचवड परिसर

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील भोसरी हा प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीसाठी ओळखला जाणारा भाग आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 मध्ये स्थापन झाली आणि ती भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. जंतुनाशनाच्या इतिहासात एड्सच्या साथीचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानूनच वागावे, हे सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व 1980 च्या दशकात एचआयव्हीमुळे रूढ झाले आणि रक्त सांडल्यास 1 टक्का हायपोक्लोराइट वापरण्याची सवय भारतातील प्रयोगशाळा व रुग्णालयांना त्याच काळात लागली. एचआयव्ही हा पृष्ठभागावर अत्यंत दुबळा विषाणू असला, तरी त्याच्या भीतीने रुजलेल्या या सवयीने अधिक चिवट अशा हिपॅटायटिस बीपासूनही कर्मचाऱ्यांचे रक्षण केले.

9 मार्च 2020 रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या कोविड रुग्णांची नोंद झाली. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. महापालिकेचे पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि भोसरीतील नवे रुग्णालय कोविड रुग्णांसाठी वापरण्यात आले. त्या काळात हायपोक्लोराइट एकाएकी घराघरांत परिचित झाले. रस्ते, सोसायट्यांची फाटके आणि बाजार यांच्यावर फवारणी करणारे टँकर हे देशभरातील शहरांतील नित्याचे दृश्य होते.

या फवारणीचा वैद्यकीय आधार दुबळा होता. जागतिक आरोग्य संघटनेने 15 मे 2020 रोजीच्या मार्गदर्शनात रस्ते व बाजारांवरील फवारणी निरुपयोगी ठरवली आणि रुग्णालयाच्या आतही फवारण्याऐवजी द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसण्याची शिफारस केली, कारण फवारा अडोशाच्या जागी पोचत नाही, मळ काढत नाही आणि श्वसनमार्गाला मात्र इजा करतो. पृष्ठभागांसाठी संघटनेने 0.1 टक्का, तर रक्त व शारीरिक द्रव मोठ्या प्रमाणात सांडल्यास 0.5 टक्का हायपोक्लोराइट सुचवले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत 1 टक्का हा आकडा होता. ही दहापट तफावत अनाकलनीय नाही. मळलेल्या पृष्ठभागावर आणि साठ्याची तीव्रता अनिश्चित असताना मोठा आकडा अधिक खात्रीचा वाटतो. त्याची किंमत मात्र गंजलेल्या खाटा आणि चुरचुरणारे डोळे या रूपाने मोजावी लागते.

माणसांवरच जंतुनाशक फवारणारे बोगदे हा त्याच वर्षीचा आणखी एक प्रकार. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्याकडून अशा बोगद्यांसाठी 0.02 ते 0.05 टक्के इतक्या सौम्य हायपोक्लोराइटचा पर्याय पुढे आला होता. परंतु 18 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने व्यक्तींवर कोणतेही जंतुनाशक फवारू नये अशी सूचना काढली. 5 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा बोगद्यांच्या वापरावर बंदी घालणारे निर्देश काढण्यास केंद्र सरकारला सांगितले. बाहेरून केलेल्या फवारणीने शरीरातील विषाणू मरत नाही, हा साधा मुद्दा मान्य होण्यास सात-आठ महिने लागले.

कर्मचाऱ्यांची सुरक्षितता

महाराष्ट्रातील रुग्णालयांत ‘मावशी’ आणि ‘मामा’ या नावांनी हाक मारल्या जाणाऱ्या कक्षसेवकांचा व सफाई कामगारांचा जंतुनाशकांशी रोजचा संबंध येतो. त्यांपैकी अनेकजण कंत्राटी असतात. कॅनवरील सूचना बहुधा इंग्रजीत असते आणि मापासाठी अनेकदा बाटलीचे झाकण किंवा अंदाज वापरला जातो.

सर्वांत गंभीर धोका रसायने एकत्र मिसळण्याचा आहे. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर मिसळल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद स्वच्छतागृहात खालच्या बाजूस साचतो, म्हणजे नेमका वाकून फरशी घासणाऱ्या व्यक्तीच्या नाकापाशी. अमोनियायुक्त द्रवाशी किंवा साचलेल्या मूत्राशी हायपोक्लोराइटचा संयोग झाल्यास क्लोरामाइन तयार होतात. तेही फुप्फुसांना इजा करतात. ‘दोन्ही घातले की जास्त स्वच्छ होते’ ही समजूत घराघरांत आढळते आणि तीच रुग्णालयात येते. असा वायू सुटल्यास तात्काळ मोकळ्या हवेत जाणे, दारे-खिडक्या उघडणे आणि डोळ्यांत द्रव गेला असल्यास किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुणे हे प्रथमोपचार आहेत.

दीर्घकालीन परिणाम हळूहळू दिसतात. अमेरिकेतील 73 हजारांहून अधिक परिचारिकांच्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुनाशकांचा दर आठवड्याला वापर करणाऱ्यांत दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकाराचा धोका 25 ते 38 टक्क्यांनी अधिक आढळला. चतुर्थक अमोनियम संयुगांमुळे दमा व त्वचादाह होऊ शकतो. जाड रबरी हातमोजे, अंगावरील एप्रन, द्रावण तयार करताना डोळ्यांवरील चष्मा आणि खेळती हवा ही किमान साधने मानली जातात. शस्त्रक्रियेचे पातळ हातमोजे या कामासाठी पुरेसे नाहीत.

द्रव दुसऱ्या बाटलीत काढून ठेवल्यास नाव, तीव्रता व तयार केल्याची तारीख मराठीत लिहिणे हा स्वस्तातला उपाय आहे. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसीकोपरी येथे पोलिओ लसीकरणात 12 बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले होते. ती मुले बचावली. द्रव एकसारखे दिसत असतील, तर प्रशिक्षित हातांकडूनही असे घडू शकते.

साठवणुकीचा धोका रुग्णालयापुरता मर्यादित नाही. 7 जून 2021 रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात उरवडे येथे पाणी शुद्धीकरणासाठी क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादने बनवणाऱ्या कारखान्याला लागलेल्या आगीत 17 कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य महिला होत्या. ऑक्सिडीकारक रसायने ज्वलनशील पदार्थांपासून दूर ठेवणे हा नियम रुग्णालयाच्या भांडारालाही तितकाच लागू होतो, कारण तेथे ब्लीचिंग पावडर, अल्कोहोल, कापूस आणि पुठ्ठ्याची खोकी बहुधा एकाच खोलीत असतात.

सांडपाणी

वापरलेले द्रावण अखेर गटारात जाते. तीव्र क्लोरीन मैलाशुद्धीकरण प्रकल्पातील उपयुक्त जिवाणूंना मारते आणि सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावून क्लोरीनयुक्त उपपदार्थ निर्माण करते. चतुर्थक अमोनियम संयुगे गाळात साचतात, आणि त्यांच्या अल्प मात्रेत दीर्घकाळ राहिलेल्या जिवाणूंत रसायनाबरोबर काही प्रतिजैविकांनाही न जुमानण्याचे गुणधर्म आढळले आहेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार रुग्णालयाने द्रवरूप कचरा इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. पिंपरी-चिंचवड शहराचे सांडपाणी पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यात उतरते.